एकाच जवाच्या दोन बिअरी

भरमाण्णा पाटलाच्या घरी सोप्यात पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर लग्नाचा फोटो दिसतो, आणि त्या फोटोला भोक आहे. डावीकडून थोरला भाऊ, थोरली वहिनी, मग मालुबाई, आणि मालुबाईच्या शेजारी चौकोनी भोक. भोकातून मागचा पुठ्ठा दिसतो. नवा पाहुणा पहिला चहा संपेपर्यंत त्या भोकाकडे चोरून बघत राहतो आणि दुसऱ्या चहाला विचारतोच. मग मालुबाई शांतपणे सांगते, "ते आमचं मालक."

भोकाची गोष्ट अशी. लग्न होऊन थोडे दिवस झाले आणि भरमाण्णा बेळगावला उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत लागला. गेटपासला फोटो पाहिजे होता. फोटोसाठी स्टुडिओत जायचं तर अर्धा दिवस मोडणार, आणि घरात तर कोट घातलेला, भांग पाडलेला, तजेलदार फोटो आयता पडलेला. त्याने कात्री घेतली. एका फोटोत दोन कामं उरकली म्हणून स्वारी शीळ घालत कामावर गेली. मालुबाईने उरलेला फोटो फ्रेम करून आणला आणि दारातून आत येणाऱ्याला पहिला दिसेल अशा जागी लावला, तो आजतागायत तिथेच आहे.

तसं बघितलं तर ते लग्नही अर्धंच होतं. भरमाण्णाच्या वडिलांनी दोन्ही पोरांना एकाच मांडवात उभं केलं होतं. एक बँड, एक आचारी, एक जेवणावळ. म्हणजे हा गुण घराण्यातलाच. पण वडिलांनी तो अडचणीपायी वापरला आणि भरमाण्णाने आवडीने. फाउंड्रीत त्याचं काम पॅटर्नमेकरचं, म्हणजे लोखंड ओतायच्या साच्यासाठी लाकडाचा हुबेहूब नमुना कोरायचा. तिथे एका फळीत दोन नमुने बसवणारा माणूस म्हणून त्याला मान होता. हा मान त्याने घरी आणला, तिथे सगळा घोटाळा झाला.

सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला निघाला तर वाटेत दुखरी दाढ उपटून घेतली, आणि देवीपुढे तोंडात कापूस कोंबून उभा राहिला. काय मागितलं ते देवीला कळलं असेल असं वाटत नाही. माधवीच्या, म्हणजे मुलीच्या, साखरपुड्यातच नव्या खोल्यांची वास्तुशांत उरकली. भटजींचा इतका गोंधळ उडाला की त्यांनी जावयाला कुंकू लावताना चौकटीलाही लावलं आणि दोघांनाही सुखी राहा म्हणून सांगितलं. निवृत्तीच्या दिवशी सत्काराची शाल मिळाली. येताना तो ठरवून ठेवलेलं रेडकू घेऊन आला, त्या शालीत गुंडाळून. शाल पुढे धुतली, पण ती अंगावर घ्यायची हिंमत कोणी केली नाही.

तर यंदा उन्हाळ्यात लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. बेंगळूरहून ओमकारचा, मुलाचा, फोन आला की आपण घरीच छोटासा कार्यक्रम करू. फोन ठेवल्यावर मालुबाई नवऱ्यासमोर येऊन बसली. ती समोर येऊन बसली म्हणजे विषय म्हशीचा नसतो, एवढं भरमाण्णाला ठाऊक होतं.

"ह्ये बघा," ती म्हणाली, "माझं लगीन जाऊबाईसंगट अर्धं. वास्तुशांत साखरपुड्यासंगट अर्धी. आता त्यो एक दिवस मला पुरा पायजे. त्या दिवशी दुसरं काय न्हाय. आनि एक फोटो. आपल्या दोगांचा."

"बस्स एवढंच?"

"भोक नसलेला."

भरमाण्णाने मान हलवली. मान हलवायला काय लागतं? पण तासाभरातच त्याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. सगळे जमणार, सोनार गावातलाच, आणि माधवीच्या लेकीचे, आरोहीचे, कान अजून टोचायचे होते. तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. "म्हंतो काय, सगळी येनारच हाईत तर आरोहीचं कान…"

मालुबाईने लाटणं थांबवून त्याच्याकडे बघितलं.

"…कान लई ग्वाड हाईत पोरीचं," असं म्हणून तो मागे फिरला.

आता बिअरीचं. आदल्या वर्षी ओमकारने बापाला बेंगळुरात एका ठिकाणी नेलं होतं, जिथे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत बिअर बनवतात. भरमाण्णा तसा पिणारा नव्हे. सणासुदीला घोटभर. पण ती तांब्याची मोठमोठी भांडी बघून त्याच्यातला कारागीर जागा झाला. तिथल्या बनवणाऱ्या दाढीवाल्या पोराला त्याने प्रश्न विचारून विचारून बेजार केलं. शेवटी ते पोर सहज बोलून गेलं की पूर्वी विलायतेत एकाच धान्यातून दोन बिअरी काढायचे. मोड आणून वाळवलेल्या जवाची भरड गरम पाण्यात भिजवायची. पहिलं पाणी निथळलं की ते दाट आणि गोड, त्याची होते कडक बिअर. मग त्याच जवावर पुन्हा गरम पाणी ओतायचं. ते दुसरं पाणी पातळ, त्याची होते हलकी बिअर.

भरमाण्णाच्या अंगावर काटा आला. एकाच जवाच्या दोन! आपण जन्मभर एकटेच असं जगलो, आणि सातासमुद्रापार सगळा देश आपल्यासारखा होता, हे कळायला निवृत्ती उजाडावी लागली, याचं त्याला वाईटही वाटलं. घरी येताना त्याच्या पिशवीत यीस्टची पाकिटं होती आणि कडवटपणासाठी घालायची हॉप नावाची वाळकी फुलं.

चाळीस वर्षांच्या कार्यक्रमाला ह्या दोन बिअरी ठेवायच्या, असं त्याने ठरवलं. मालुबाईला सांगताना त्याने आवाज मऊ केला. "म्हंजे त्या दिवसासाठीच गं. दुसरं काम न्हवं त्ये. कडक असंल ती आपल्या पावन्यांना, हलकी असंल ती आपल्याला."

"दोन कशाला?"

"एकाच जवाच्या हाईत."

मालुबाईने जरा विचार केला. "नारळाच्या दुधासारखं म्हना की. पैलं दाट, दुसरं पातळ." मग म्हणाली, "करा. पर जे करायचं त्ये आदी करा. त्या दिवशी मला तुमी मोकळं पायजे."

शिमगा जवळ आला तशी तयारी सुरू झाली. जव भिजवले, गोणपाटात बांधून मोड आणले, पत्र्यावर वाळवले. गावातल्या चिमण्यांनी आपापला वाटा नेला. गिरणीवाल्याने भरड काढताना विचारलं, "भरमाण्णा, ह्ये काय?" तर ह्याने सांगितलं, "आंबील." खानापूर रस्त्यावरच्या त्या छोट्या गावात जवाची आंबील कोणी केली नव्हती. पण भरमाण्णाच्या बाबतीत गाव फारसं खोलात जात नसे.

बिअर शिजवायचा दिवस त्याने होळीचा धरला. कारण उघड होतं. होळीला मागच्या परड्यात मोठी चूल पेटणारच, पुरणाची डाळ शिजणारच. त्याच जाळावर जवाचं पाणी तापेल, वेगळं सरपण नको. त्या दिवशी पुरणपोळी खायला माधवी आणि तिचे सासरे मारुतीराव निपाणीहून यायचे होते.

सकाळी चुलीच्या एका अंगाला हरभऱ्याच्या डाळीचं भगुणं, दुसऱ्या अंगाला जवाचं. पाणी बोट बुडवून झटकन काढावं लागेल इतकं गरम झाल्यावर भरमाण्णाने त्यात भरड घातली, भगुणं खाली उतरवलं आणि गोधडीत गुंडाळलं. आता तासभर नुसतं थांबायचं. नुसतं थांबणं हा प्रकार त्याने आयुष्यात केला नव्हता. "तवर केस कापून येतो," तो मालुबाईला म्हणाला. "तासाभरानं ह्येचं पानी गाळून ठेव, आनि जवावर दुसरं गरम पानी वत."

गुंडूच्या दुकानात सणाची गर्दी. भरमाण्णाचा नंबर लागेपर्यंत चार दाढ्या आणि एक भांडण झालं. तासाचे दोन तास झाले. डोकं हलकं करून, मानेवर पावडर घेऊन तो घरी आला, तर उंबऱ्यापर्यंत फोडणीचा वास.

"आमटी लई झाली गं," तो कौतुकाने म्हणाला. मोठं पातेलं काठोकाठ भरलेलं होतं.

"दोन भगुन्यांची हाय," मालुबाई म्हणाली. "डाळीचा कट निघाला, आनि तुमच्या जवाचा बी निघाला."

भरमाण्णाला क्षणभर काही समजलं नाही. मग त्याने गोधडी उघडली. जवावर दुसरं पाणी नीट ओतलेलं होतं. पहिलं पाणी कुठेच नव्हतं. तो पातेल्याजवळ आला. चिंच, गूळ, काळा मसाला, कढीपत्ता, आणि त्याच्या खाली कुठेतरी त्याची कडक बिअर.

"अगं, ती बिअर हुती."

"तुमी म्हनलासा पानी गाळून ठेव. गाळून ठेवलं. पुरनाच्या दिवशी भगुन्यातलं गाळलेलं पानी आमटीत न्हाय घालायचं तर काय झाडाला घालायचं?" मालुबाईचा चेहरा अगदी सरळ होता. "एका चुलीवर दोन भगुनी तुमीच ठिवलासा."

जन्मभर दोन कामं एकत्र केल्यावर ती एकमेकांत सांडणारच, हे भरमाण्णालाही कळत होतं. फक्त ते आपल्या बिअरीच्या बाबतीत व्हावं, याचं त्याला मनापासून दुःख झालं.

दुपारी सोप्यात पंगत बसली. व्याही मारुतीरावांचं आयुष्य तंबाखूच्या व्यापारात गेलेलं. पानाचा वास घेऊन ते कुठल्या गावच्या मळ्यातलं ते सांगत, आणि चुकलं तर त्या गावाला चूक ठरवत. त्यांनी आमटीची वाटी नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"इनबाई, ह्यात कायतरी हाय. येगळीच गोडी हाय."

"साधीच हाय," मालुबाई म्हणाली.

मारुतीरावांनी एक वाटी संपवली, दुसरी मागितली, तिसरी भरून घेतली. पोळी बाजूलाच राहिली. प्रत्येक वाटीबरोबर भरमाण्णाच्या डोळ्यांसमोर एकेक बाटली रिकामी होत होती. चौथ्या वाटीला त्याला राहवलं नाही.

"पावनं, ते बिअरचं पानी हाय."

पंगत थांबली. मारुतीरावांनी वाटीत बघितलं, मग भरमाण्णाकडे, मग पुन्हा वाटीत. आणि इतका वेळ ताठ बसलेला तो माणूस हळूहळू भिंतीला टेकला.

"तरीच," ते म्हणाले. त्यांची जीभ जड झाली होती. "तरीच मगापास्नं खांब हलाय लागलाय."

"आवो, त्यात यीस्ट घातलं न्हाय अजून," भरमाण्णा कळवळून सांगू लागला. "नुसतं गोड पानी त्ये. पोराला पाजलं तरी चालंल. आंबवाय लागतंय, मग चढतंय."

"मला शिकवू नगा," मारुतीराव हात वर करून म्हणाले. "माजं नाक सांगतंय."

माधवी पदरात तोंड लपवून हसत होती. मारुतीरावांनी मग मोकळ्या मनाने पुष्कळ गोष्टी सांगितल्या. साखरपुड्याला भटजींनी चौकटीला कुंकू लावलं तेव्हा आपण उठून जाणार होतो, पण जेवण चांगलं होतं. त्यांच्या तरुणपणी त्यांना तमाशात ढोलकी वाजवायची होती. मग त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली आणि तिथेच अडकली. व्याह्याने विचारणं बरं दिसत नाही म्हणून इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं, ते त्यांनी आज विचारलं.

"त्या भोकात कोन हुतं?"

"मीच," भरमाण्णा म्हणाला.

"मग भाईर कसं आलासा?"

भरमाण्णाने गेटपासची गोष्ट सांगितली. ही गोष्ट तो नेहमी रंगवून सांगायचा आणि लोक हसायचे. मारुतीराव हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले.

"इनबाई," ते म्हणाले, "चाळीस वर्सं तुमी भोकाशेजारी हुब्या हायसा."

मालुबाईने त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि आत गेली. हे वाक्य दारूच्या नशेत म्हटलं असतं तर भरमाण्णाने सोडून दिलं असतं. पण त्या आमटीत थेंबभर दारू नाही, हे पंगतीत एकट्या त्यालाच पक्कं माहीत होतं. मारुतीराव पूर्ण शुद्धीवर होते. भरमाण्णाने फोटोकडे बघितलं. रोज बघत होता तोच फोटो. पण आजवर त्याला त्यात फक्त वाचलेला अर्धा दिवस दिसला होता. मालुबाई फोटोत किती नटलेली आहे आणि थोडीशी उजवीकडे, त्या भोकाच्या बाजूला झुकून उभी आहे, हे त्याने पहिल्यांदाच बघितलं. त्याला लाज वाटली, आणि ती नुसती मनातल्या मनात वाटून संपेना.

मारुतीराव भिंतीला टेकूनच घोरायला लागले. भरमाण्णा परड्यात गेला. जवातून दुसरं पाणी निथळून घेतलं. ते खरंच पातळ होतं, उसाच्या शेवटच्या रसासारखं. चुलीवर चढवलं, हॉपची फुलं घातली आणि समोर पाट टाकून बसला. मेलेल्या कडक बिअरीची ही धाकटी बहीण. एवढीच शिल्लक होती.

मालुबाई भांडी घेऊन बाहेर आली. नवरा चुलीसमोर बसलेला बघून तिला चमत्कारिकच वाटलं. हातात कोयता नाही, सोलायला लसूण नाही, पायाशी दुरुस्तीला घेतलेलं काही नाही.

"बसून काय करूलालासा?"

"बिअर करूलालोय."

"आनि?"

"आनि काय न्हाय."

तिने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

त्यानंतरचे दिवस भरमाण्णासाठी सोपे गेले नाहीत. यीस्ट घातलेली बिअर शेडमध्ये पाण्याच्या मोठ्या जारमध्ये बुडबुडत होती, ते ठीक. पण लग्नाच्या चाळीस वर्षांचा दिवस जवळ येत गेला तशी कामं त्या दिवसाकडे धावून यायला लागली. कूपनलिकेचा माणूस म्हणाला, त्याच दिवशी मशीन रिकामं आहे. मोडलेल्या खाटांचं गिऱ्हाईक त्याच दिवशी येतो म्हणालं. म्हशीचा डॉक्टरसुद्धा त्याच दिवशी त्या बाजूला येणार होता. भरमाण्णाने एकेकाला नाही म्हणून सांगितलं. डॉक्टरला नाही म्हणताना तर त्याला घाम फुटला.

दिवस उजाडला. ओमकार आला, माधवी आली, मारुतीराव आले. ते आल्याबरोबर आमटीची चौकशी करून बसले. आमटी नाही म्हटल्यावर त्यांनी बिअरीचा ग्लास घेतला, वास घेतला, एक घोट घेतला.

"बरी हाय," ते नाराजीने म्हणाले. "पर त्या आमटीची सर न्हाय. ती काय चढली हुती." तीन ग्लास खरीखुरी बिअर पिऊनही ते ताठच होते. फसवणूक झाल्यासारखा चेहरा करून ते कोपऱ्यात बसले.

बिअर खरंच बरी झाली होती. हलकी, किंचित कडू, सोनेरी. ओमकारने दोनदा मागून घेतली. मालुबाईनेही कोणी बघत नाही असं बघून एक घोट घेतला आणि "ताकागत हाय की" असा शेरा मारून ग्लास संपवला. भरमाण्णाला कडक बिअरीची आठवण आली नाही असं नाही. पण एकच गोष्ट समोर बसून केली की ती पुरी होते, हे काही त्याला फाउंड्रीत कोणी शिकवलं नव्हतं.

मग फोटोवाला शामू आला. शामू गावातलाच, भरमाण्णाला लहानपणापासून ओळखणारा. त्याने परड्यातल्या आंब्याखाली दोन खुर्च्या मांडल्या. मालुबाईने नवं हिरवं इरकल नेसलं होतं. भरमाण्णाने कोट घातला होता आणि तो पोटावर बसत नव्हता. फोटो निघाला. शामूने कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो सगळ्यांना दाखवला आणि मग, आपण भरमाण्णावर उपकार करतोय अशा प्रेमळ आवाजात म्हणाला, "आण्णा, मागं तुमास्नी ब्यांकेला पासपोर्ट साइज फोटो पायजे हुता न्हवं? ह्यातलाच कापून देतो की. कोट हाय, भांग हाय. एका फोटोत दोन कामं."

ओमकार जमिनीकडे बघायला लागला. माधवीने आरोहीला उगीचच कडेवर घेतलं. मालुबाई खुर्चीत सरळ बसली होती आणि कोणाकडेच बघत नव्हती.

बँकेला फोटो पाहिजे होता, हे खरं. त्यासाठी पुन्हा अर्धा दिवस मोडणं टळत होतं, हेही खरं. भरमाण्णाने पोटावरून सरकणारा कोट ओढून घेतला.

"न्हाय," तो म्हणाला. "ह्यातलं कायबी कापायचं न्हाय."

"मग ब्यांकेचं?"

"त्येला येगळा काढून घेतो."

"कोट पुन्ना घालावा लागंल."

"घालतो की रं. कोट घालाय काय हुतंय."

शामूला हे पटलं नाही. भरमाण्णाची तब्येत बरी आहे ना, असं त्याने जाताना ओमकारला हळूच विचारलं.

मोठा करून, फ्रेम करून फोटो आठवड्याने आला. भरमाण्णा तो घेऊन सोप्यात उभा राहिला. समोर जुना फोटो, भोकासकट.

"ह्यो जुना काढू का आता?" त्याने विचारलं.

"नगो, ऱ्हाऊ दे," मालुबाई म्हणाली. "येनाऱ्याजानाऱ्याला सांगाय बरा पडतोय." मग ती जवळ आली, नवा फोटो डोळे भरून बघितला आणि भिंतीकडे बोट केलं. "खिळा दांडगा हाय. दोनी त्येच्यावरच अडकवा. एका खिळ्यात काम हुईल."

भरमाण्णाने तिच्याकडे बघितलं. ती हसत होती. त्याने नवा फोटो तिच्या हातात दिला, शेडमध्ये गेला आणि दुसरा खिळा घेऊन आला.